‘होलसेल’ शोधणाऱ्याला नेमके काय हवे असते? सोलापुरी चादरीच्या कीवर्ड-वर्गीकरणाचे एक प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत ज्यांचे स्वतःचे माग आहेत आणि शहरात किरकोळ विक्रीचे दुकानही आहे, अशा एका कुटुंबाच्या संकेतस्थळाचे हे प्रकरण आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. जॅकार्ड, म्हणजे विणतानाच कापडात नक्षी उठवणाऱ्या, मागांवर विणलेल्या सुती चादरी हा त्यांचा मुख्य माल, त्याखालोखाल टर्किश टॉवेल आणि नॅपकिन. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि गावाचे नाव लावूनच या मालाचा शोध घेतला जातो, त्यामुळे शोधणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. संकेतस्थळ बऱ्याच शब्दांसाठी गुगलच्या पहिल्या पानावर दिसत होते आणि लोक येतही होते. आलेल्यांपैकी फार थोडे जण पुढे काही करत होते, एवढीच तक्रार होती.

सर्वाधिक भेटी ‘होलसेल’ या पानाला मिळत होत्या आणि सर्वांत निराशाजनक चित्रही त्याच पानाचे होते. त्या पानावर किमान 50 नगांची अट होती, जीएसटी क्रमांक मागणारा अर्ज होता, कारखान्याची छायाचित्रे होती आणि किंमत कुठेही नव्हती. अर्ज जवळजवळ कोणीच भरत नव्हते. याउलट पानावर दिलेल्या क्रमांकावर फोन मात्र दिवसभर येत होते आणि ते घेणारे दिवाणजी त्यांना कंटाळले होते. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत द्यावे असे आहे : “होलसेल म्हणून फोन येतो अन् मागतात काय, तर दोन पीस. आहेराला पाहिजेत म्हणतात, कुरिअरनं पाठवता का विचारतात. पन्नासची अट सांगितली की ठेवून देतात.”

संकेतस्थळाचे काम घरातील धाकट्या सूनबाई पाहत होत्या. त्यांच्याकडे आधीच्या एका सल्लागाराने तयार करून दिलेला कीवर्डचा, म्हणजे लोक शोधयंत्रात टाइप करतात त्या शब्दांचा, तक्ता होता. काही शे ओळी, प्रत्येक कीवर्डपुढे महिन्याच्या शोधांचा अंदाज, स्पर्धेचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात शोधहेतूचा, म्हणजे शोधणाऱ्याला काय साधायचे आहे याचा, शिक्का : माहितीपर, मार्गदर्शक, तुलनात्मक किंवा व्यवहारपर. हे शिक्के एका साधनाने आपोआप मारले होते. ‘होलसेल’ हा शब्द असलेल्या सगळ्या ओळी व्यवहारपर ठरल्या होत्या, ‘कशी’ किंवा ‘माहिती’ असलेल्या सगळ्या माहितीपर, आणि ‘सोलापूर’ या गावाचे नाव असलेल्या काही ओळी तर चक्क मार्गदर्शक, जणू ‘सोलापूर’ नावाच्या एखाद्या संकेतस्थळावरच माणसाला जायचे आहे. या तक्त्याला प्रमाण मानून पाने बांधली गेली होती. होलसेलचे पान व्यापाऱ्यांसाठी लिहिले गेले, कारण तक्ता सांगत होता की येथे व्यवहार करणारा माणूस येतो.

व्यवहार करणारा माणूस येत होता हे खरेच होते. मात्र तो व्यापारी नव्हता.

शोधहेतूच्या या खान्यांचा उगम लक्षात घेतला, तर त्यांच्याकडून किती अपेक्षा करावी हे ठरवणे सोपे जाते. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी 2002 मधील एका लेखात अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्राच्या वापरकर्त्यांची पाहणी आणि शोधनोंदींची तपासणी करून तीन वर्ग मांडले : ठरावीक संकेतस्थळ गाठणे, माहिती मिळवणे आणि संकेतस्थळावर जाऊन काहीतरी करणे, मग ती खरेदी असो वा फाइल उतरवून घेणे. हाताने तपासलेल्या 400 शोधांत त्यांना सुमारे 48 टक्के माहितीपर, 30 टक्के व्यवहारपर आणि 20 टक्के मार्गदर्शक आढळले. ‘खरेदीपूर्व तुलना’ हा चौथा खाना पुढे विपणनाच्या व्यवहारातून रूढ झाला. ब्रोडर यांनी त्याच लेखात हेही बजावले होते, की शोधलेल्या शब्दांवरून हेतू खात्रीने ओळखता येतो असे आपण गृहीत धरलेले नाही. साधनांच्या शिक्क्यांतून नेमकी हीच सावधगिरी गळून पडते. शिक्का शब्दावर बसतो आणि तक्ता वाचणारा तो माणसावर बसला असे समजतो.

निकालांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठी गुगलने जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, तिची मांडणी मला या कामासाठी अधिक उपयोगी वाटते. तीत जाणून घेणे, काही करणे, ठरावीक संकेतस्थळ गाठणे आणि प्रत्यक्ष ठिकाणी जाणे असे भेद केले आहेत, आणि एका शोधाचे प्रमुख, सामान्य व गौण असे अनेक अर्थ एकाच वेळी असू शकतात हे मान्य केले आहे. दुकान असलेल्या व्यवसायाला ‘प्रत्यक्ष जाणे’ हा खाना वगळून चालत नाही, आणि जुन्या तक्त्यात तोच खाना नव्हता.

म्हणून शेवटच्या रकान्यातील शिक्के पुसून टाकले आणि रकान्याचे नावच बदलले. नवे नाव असे होते : ‘या माणसाला आता पुढे काय करायचे आहे?’ प्रत्येक ओळीपुढे एक क्रियापद लिहायचे, आणि ते कशावरून लिहिले याचा पुरावाही शेजारच्या रकान्यात नोंदवायचा. पुरावा तीन ठिकाणांहून घ्यायचा असे ठरले. पहिले ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष निकालपान : वर नकाशा येतो की छायाचित्रे, खरेदीच्या पट्ट्या येतात की व्हिडिओ, लोकांच्या इतर प्रश्नांच्या चौकटीत कोणते प्रश्न असतात. दुसरे ठिकाण गुगलचे सर्च कन्सोल, म्हणजे कोणत्या शोधावरून कोणते पान उघडले गेले याची नोंद. तिसरे ठिकाण दिवाणजींचा फोन आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवरील चौकश्या.

तिसऱ्या पुराव्याचे महत्त्व मराठीसाठी विशेष आहे. सर्च कन्सोल 16 महिन्यांपर्यंतची माहिती देते. परंतु फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी दाखवतच नाही. देवनागरीत टाइप केलेले लांबलचक शोध नेमके असेच विरळ असतात. एक जण ‘सोलापुरी चादर किंमत’ लिहितो, दुसरा तेच रोमन लिपीत लिहितो, तिसरा रोमनमध्ये चादरीतला ‘द’ एका डीने आणि चौथा दोन डींनी लिहितो. शोधसंख्येचे अंदाज देणारे गुगलचे जाहिरातदारांसाठीचे साधन, कीवर्ड प्लॅनर, जवळचे शब्द एकत्र करून गोळाबेरीज दाखवते, आणि जाहिरातीवर खर्च नसेल तर तीही मोघम टप्प्यांत. परिणामी, माणसाच्या मनातले सर्वांत स्पष्टपणे सांगणारे शोधच तक्त्यात शून्य म्हणून येतात किंवा येतच नाहीत. फोनवर मात्र तोच माणूस पूर्ण वाक्यात बोलतो.

‘होलसेल’च्या ओळींपासून सुरुवात केली. निकालपानावर इंडियामार्टसारख्या व्यापारी निर्देशिका होत्या, म्हणजे ठोक खरेदीचा अर्थ शोधयंत्राला अमान्य नव्हता. पण त्यांच्याच बरोबरीने कारखान्यात जाऊन केलेले व्हिडिओ होते, ज्यांच्या शीर्षकांत ‘फॅक्टरी रेट’, ‘एक पीससुद्धा मिळेल’ अशी भाषा होती, आणि एक-एक चादर विकणारी संकेतस्थळेही होती. मग ‘सोलापुरी चादर होलसेल’ आणि ‘सोलापुरी चादर किंमत’ या दोन शोधांचे पहिले दहा निकाल शेजारी-शेजारी ठेवले. त्यांत बरेच दुवे समान निघाले. हा ताळा मला शब्दांच्या विश्लेषणापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो : दोन शोधांना शोधयंत्र जर बहुतांशी तीच पाने दाखवत असेल, तर असंख्य लोकांच्या क्लिकांवरून त्याने त्या दोन्ही माणसांना एकच समजले आहे, आणि आपण त्यांच्यासाठी दोन निराळी पाने बांधली तर तीच पाने एकमेकांच्या वाटेत येतात.

फोनच्या वहीने उरलेले सांगितले. दिवाणजींना काही आठवडे प्रत्येक फोनपुढे दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या : किती नग हवेत आणि कशासाठी. ‘होलसेल’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोजके नग हवे होते. लग्नातला आहेर, नव्या घराची वास्तुशांत, परगावच्या पाहुण्यांना द्यायची भेट. त्यांच्या लेखी ‘होलसेल’ म्हणजे दुकानदाराचा नफा वगळून मिळणारा भाव. त्यांना प्रमाण मोठे नको आहे, दर कमी हवा आहे. चाटी गल्लीत कापड घ्यायला जाणारा सोलापूरकरही ‘होलसेलमध्ये घेतो’ असे म्हणतो आणि एका साडीचे पैसे मोजून बाहेर पडतो, त्यामुळे यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. नवल एवढेच की गल्लीत सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट तक्त्यात शिरेपर्यंत इतका काळ गेला.

मग खरे ठोक ग्राहक काय टाइप करत होते? वहीत ज्यांच्या मागण्या मोठ्या होत्या, त्यांना सूनबाईंनी उलट विचारले, की आपण आमच्यापर्यंत कसे पोहोचलात. उत्तरांत ‘होलसेल’ हा शब्द क्वचितच आला. ‘वाटपासाठी चादर’, ‘हॉस्पिटलसाठी चादर’, ‘लॉजचे टॉवेल’, ‘सत्कारासाठी सोलापुरी चादर’, ‘वसतिगृहासाठी’ असे शोध होते. थंडीत गरजूंना चादरी वाटणारी मंडळे, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेची भेटवस्तू ठरवणारे व्यवस्थापक, यात्रेकरूंची सोय पाहणारे भक्तनिवास, यांपैकी कोणीही स्वतःला होलसेल ग्राहक समजत नाही. त्यांच्या डोक्यात वापर असतो आणि ते वापरच लिहितात. टॉवेलच्या बाबतीत आणखी एक खूण सापडली. ‘450 जीएसएम टॉवेल’ असे लिहिणारा माणूस दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन हवे हे जाणतो, म्हणजे तो एक तर हॉटेलसाठी खरेदी करतो किंवा पुढे विकतो. घरी वापरायला टॉवेल घेणारा ‘जाड टॉवेल’, ‘पाणी शोषणारा टॉवेल’ असे लिहितो. साधनाने या सगळ्याच प्रकारांना एकच शिक्का मारला होता आणि त्यांत सर्वांत कमी शोधसंख्या ‘वाटपासाठी’ या ओळींची असल्याने त्या तक्त्याच्या तळाशी पडून राहिल्या होत्या. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र त्यांतील एकेक शोध वरच्या कित्येक शोधांहून मोलाचा होता.

येथे एक अडचण उभी राहिली, जी कोणत्याही साधनात दिसली नसती. ‘होलसेल’ शोधणाऱ्याला कारखान्याचा दर आणि एक नग हवा आहे हे कळल्यावर सरळ उपाय असा, की त्याच पानावर एका नगाची किंमत लिहावी आणि ऑर्डर घ्यावी. सूनबाईंची तीच इच्छा होती. घरातील थोरले, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी मात्र ठाम नकार दिला. लातूर, पुणे, कोल्हापूर येथील दुकानदार वर्षानुवर्षे त्यांच्याकडून माल उचलतात. कारखान्याचा दर इंटरनेटवर उघड लिहिला, तर त्यांचे गिऱ्हाईक दुकानात उभे राहून मोबाइल दाखवेल. अण्णांचा युक्तिवाद बिनतोड होता. शोधणाऱ्याचा हेतू समजला म्हणजे तो जसाच्या तसा पुरवलाच पाहिजे असे नाही. पुरवता येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगणे हेही त्या पानाचे काम असू शकते.

तोडगा असा निघाला. पानाचे शीर्षक ‘सोलापुरी चादर : एका नगापासून, थेट विणणाऱ्यांकडून’ असे केले. एका नगाची किंमत दुकानदारांच्या विक्रीकिमतीइतकीच ठेवली आणि ती ठळकपणे लिहिली. सहा नगांपुढे घरपोच पाठवण्याचा खर्च माफ केला, कारण आहेरासाठी घेणाऱ्यांना तेवढे प्रमाण परवडते. व्यापाऱ्यांचा दर मात्र पानावर दिला नाही. त्यासाठी दूरध्वनी क्रमांक आणि जीएसटी क्रमांकाची मागणी पानाच्या खालच्या भागात ठेवली. किमान 50 नगांची अट वरून हलवून तेथेच नेली. संस्थांसाठी स्वतंत्र पान केले आणि त्यावर ‘होलसेल’ हा शब्द मुद्दाम जपून वापरला. त्या पानावर वाटप, सत्कार, रुग्णालय, भक्तनिवास असे वापरानुसार भाग पाडले. प्रत्येक भागात किती दिवसांत माल मिळेल, संस्थेचे नाव विणून मिळेल का, बिल कोणाच्या नावाने निघेल, याची उत्तरे दिली. हे प्रश्न वहीतूनच उचलले होते.

‘फॅक्टरी’ आणि ‘कारखाना’ या ओळींनी दुसरा धडा दिला. ‘सोलापूर चादर फॅक्टरी’ हा शोध साधनाने मार्गदर्शक ठरवला होता. निकालपानावर सर्वांत वर नकाशा आणि तीन दुकाने होती, त्यामुळे प्रमुख हेतू प्रत्यक्ष जाण्याचा आहे हे उघड होते. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर ही तिन्ही क्षेत्रे करणाऱ्या अनेकांची वाट सोलापुरातून जाते, आणि गाडी दोन तास थांबवून चादर घेऊन जाणे हा त्यांच्या प्रवासाचा भाग असतो. अशा माणसाला रंगांची यादी किंवा घरपोच सेवेची माहिती नको असते. स्टेशनपासून किती लांब, बस उभी करायला जागा आहे का, रविवारी उघडे असते का, एवढेच त्याला हवे असते. संकेतस्थळाचे पान मात्र त्याला 1990 च्या दशकापासूनचा कारखान्याचा इतिहास ऐकवत होते. शिवाय गुगलच्या नकाशावर व्यवसायाची खूण कारखान्याच्या जागी होती, जेथे किरकोळ विक्री होतच नाही. दरवाजावरचा रखवालदार आलेल्यांना शहराकडे परत पाठवत असे. दुकानाची वेगळी नोंद करणे, तिची वेळ आणि सुटीचा वार भरणे, आणि कारखान्याच्या नोंदीवर ‘येथे किरकोळ विक्री नाही’ असे लिहिणे, हे काम कीवर्डच्या वर्गीकरणात मोडत नाही असे कोणी म्हणेल. हेतू ‘प्रत्यक्ष जाणे’ असा ठरल्यावर त्याचे उत्तर लेखात नसून नकाशात असते, म्हणून मी ते त्यातच मोडते असे मानतो.

मात्र ‘टॉवेल कारखाना सोलापूर’ या दिसायला अगदी सारख्या शोधात वेगळेच मिश्रण निघाले. व्हॉट्सॲपवर या वाटेने आलेल्यांपैकी काहींनी कामाविषयी विचारले होते : शिलाईला बायका हव्या आहेत का, पॅकिंगमध्ये जागा आहे का. काही जण सूत विकणारे होते, काही सुटे भाग विकणारे. ‘चादर’च्या जागी ‘टॉवेल’ आले आणि ‘फॅक्टरी’च्या जागी ‘कारखाना’ आले, एवढ्यावर शोधणारा बदलला. याचे कारण मी ठामपणे सांगू शकत नाही. प्रवासी सोलापुरातून चादर नेतो, टॉवेल क्वचित, हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे. या ओळीपुढे ‘काम शोधणे’ असे क्रियापद लिहिले आणि पान न बांधता संपर्काच्या पानावर कामासाठी वेगळा क्रमांक दिला. दिवाणजींचा त्रास तेवढ्याने कमी झाला.

ठिकाणाचा आणखी एक परिणाम तपासणे आवश्यक होते. सूनबाई स्वतःच्या मोबाइलवर सोलापुरात बसून निकाल पाहत होत्या, त्यामुळे ‘सोलापुरी चादर दुकान’ या शोधात त्यांना नवी पेठेच्या आसपासची दुकाने दिसत आणि आपले दुकान त्यांत आहे याचे समाधान वाटे. गुगल ॲड्समध्ये जाहिरातीचे पूर्वावलोकन करण्याचे जे साधन आहे, त्यात ठिकाण बदलून निकालपान पाहता येते. पुणे निवडल्यावर त्याच शोधात पुण्यातील दुकाने आली. पुण्यातील माणसाला पुण्यातच सोलापुरी चादर मिळण्याचे ठिकाण हवे आहे, आणि शोधयंत्राने ते बरोबर ओळखले आहे. या शोधासाठी सोलापूरच्या दुकानाचे पान पुण्यात वर आणण्याचा खटाटोप करणे म्हणजे शोधणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध ढकलणे होय. येथे अण्णांच्या जुन्या दुकानदारांचाच उपयोग झाला : ‘आमच्या चादरी आपल्या गावी कोठे मिळतील’ अशी गावनिहाय यादी संकेतस्थळावर घातली. दुकानदारही सुखावले, आणि दर उघड करण्याचा वादही निवळला.

माहितीपर म्हणून बाजूला काढलेल्या ओळींतही सगळे एका जातीचे नव्हते. ‘सोलापुरी चादर जीआय टॅग’, म्हणजे भौगोलिक मानांकन, शोधणारा बहुधा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असतो. निकालपानावर प्रश्नसंच आणि चालू घडामोडींची पाने दिसतात, यावरून ते कळते. ‘टॉवेल एचएसएन कोड’, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, शोधणारा हिशेबनीस असतो. त्याला 6302 हा आकडा हवा असतो, तो निकालपानावरच वाचून तो निघून जातो. या दोघांसाठी लेख लिहिण्याचा आधीच्या सल्लागाराचा बेत होता, कारण शोधसंख्या चांगली होती. तो सोडून दिला. याउलट ‘खरी सोलापुरी चादर कशी ओळखावी’ या ओळीची संख्या लहान आणि शिक्का तोच माहितीपर असला, तरी हा माणूस खरेदीच्या उंबरठ्यावर उभा आहे. गावाचे नाव लावून बाहेर तयार झालेला माल बाजारात असतो हे त्याने ऐकले आहे आणि त्याला फसायचे नाही. त्याच्यासाठी सविस्तर पान केले : जॅकार्डची नक्षी दोन्ही अंगांना उलट रंगांत कशी दिसते, सुती धागा हाताला कसा लागतो, काठ आणि लेबल कसे पाहावे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे चादरीच्या कोपऱ्याचे जवळून काढलेले छायाचित्र. पानाच्या शेवटी चादरींच्या यादीचा दुवा दिला. धुण्याविषयीच्या ओळी विकत घेऊन झालेल्यांच्या होत्या. त्यांच्यासाठी प्रत्येक चादरीच्या पानावर चार ओळी पुरल्या.

बदलांनंतरच्या हंगामात होलसेलच्या पानाच्या भेटींत फारसा फरक पडला नाही, परंतु त्या पानावरून येणाऱ्या एक-दोन नगांच्या ऑर्डर आता फोनऐवजी संकेतस्थळावरच नोंदल्या जाऊ लागल्या. संस्थांच्या पानाला भेटी थोड्या आणि चौकश्या त्या मानाने चांगल्या, हे अपेक्षेप्रमाणेच घडले. यातील किती श्रेय वर्गीकरणाचे आणि किती थंडीचे, हे वेगळे काढता येत नाही. वाटपाची मागणी हिवाळ्यातच येते आणि बदलही हिवाळ्याच्या तोंडावर झाले होते. म्हणून वही चालू ठेवली आहे आणि उन्हाळ्यात तेच निकालपान पुन्हा तपासायचे ठरले आहे, कारण एकाच शोधाचा हेतू ऋतूनुसार सरकतो. थंडीत पांघरायला घेणारा माणूस लग्नसराईत तोच शब्द आहेरासाठी टाइप करतो.

एक ओळ अजून सुटलेली नाही, आणि ती सर्वांत मोठी आहे : नुसते ‘सोलापुरी चादर’. तिच्या निकालपानावर छायाचित्रे, खरेदीच्या पट्ट्या, माहितीचे लेख आणि नकाशा असे सगळेच येते. त्यात हिंदी भाषक ग्राहकांची भर आहे, ज्यांना चादर म्हणजे पलंगावर अंथरायची वाटते आणि जे फोनवर पहिला प्रश्न “तकिया कव्हर साथ में आता है क्या?” असा विचारतात. परत आलेल्या मालाचा मोठा भाग याच गैरसमजाचा होता. सध्या मुखपृष्ठच या शोधासाठी राखले आहे. त्यावर पहिले छायाचित्र चादर पांघरून बसलेल्या माणसाचे घेतले आहे, घडी घातलेल्या गठ्ठ्याचे काढून टाकले आहे, आणि छायाचित्राखाली लांबी-रुंदी लिहून ‘पांघरण्यासाठी, उशीचे अभ्रे सोबत नाहीत’ अशी ओळ मराठी आणि हिंदीत दिली आहे. परत येणारा माल त्याने घटतो का, याची नोंद दिवाणजींच्या वहीत वेगळ्या पानावर ठेवली जात आहे.